उरलेलं कपाशीचं औषध डासांवर मारावं का?

प्रश्न वणी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: ‘सर, कपाशीवर मारून उरलेली प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीनची अर्धी बाटली घरात आहे. गावात डास फार झालेत, दोघांना डेंग्यू निघाला. ग्रामपंचायतीनं धुराचं मशीन फिरवलं, फरक काही नाही. हेच औषध पातळ करून घरात, गोठ्यात, नालीत मारलं तर चालेल का? दुसरं असं की कपाशीवरचे तुडतुडे डोस दुप्पट करूनही मरत नाहीत. औषधं बोगस येतात का?’

भाऊ, घरात मारू नका. गोठ्यातही नको आणि नालीतही नको. एवढं आधी वाचून घ्या, बाकीचं रात्री जेवण झाल्यावर सावकाश वाचलं तरी चालेल.

प्रश्न मात्र अडाणीपणाचा नाही. कृषी पदवीला जायच्या आधी मी दोन पावसाळे हिवताप विभागात हंगामी फवारणी कामगार होतो, आणि पुढची तीसेक वर्षं कपाशीच्या किडींमागे गेली. दोन्हीकडच्या डब्यांवरची नावं वाचली की घराणं एकच निघतं. डेल्टामेथ्रीन पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मारतात आणि घराच्या भिंतीवरही. मॅलॅथिऑन शेतातही आहे आणि धुराच्या मशीनमध्येही. ही भानगड थेट डीडीटीपासूनची. १८७४ साली झाईडलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवलं आणि तसंच पडून राहिलं. किडे मारायचा त्याचा गुण १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्युलरला सापडला. तिथे ते आधी बटाट्यावरच्या भुंगेऱ्यांवर वापरलं, मग युद्धात सैनिकांच्या उवांवर, मग डासांवर. १९४८ साली म्युलरला नोबेल मिळालं ते वैद्यकशास्त्राचं, आणि माणूस होता रंगाच्या कंपनीतला रसायनवाला. तेव्हा ‘शेतातलं औषध डासांवर का नको’ हा प्रश्न कुणालाही पडेल.

उत्तर औषधाच्या नावात नसतं, नावापुढच्या दोन अक्षरांत असतं. तुमच्या बाटलीवर ‘ईसी’ लिहिलेलं असेल. म्हणजे विष एका तेलकट द्रावकात विरघळवलेलं आहे. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं, पानावर पसरतं, पानाच्या मेणात शिरतं. तो द्रावक तसाच आपल्या कातडीतही शिरतो, आणि तो पेट घेणारा असतो. चुलीच्या खोलीत तो मारायचा म्हणजे काय, ते तुम्हीच बघा. भिंतीसाठी येते ती पावडर, ‘डब्ल्यूपी’. डेल्टामेथ्रीन अडीच टक्के पावडर १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम कालवायची, आणि तेवढ्या पाण्यात ५०० चौरस मीटर भिंत भिजवायची. हिशोब केलात तर चौरस मीटरला २० मिलिग्रॅम विष पडतं. पाणी उडून जातं, पावडरीचे कण भिंतीवर चिकटून राहतात. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी भिंतीवर विसाव्याला बसते आणि पायांवाटे विष घेते. ईसी मारलं तर मातीची भिंत ते पिऊन टाकते. वर डासासाठी काही उरत नाही, खोलीतल्या माणसासाठी वास मात्र उरतो.

आम्हाला ते काम अक्षरशः फूटपट्टीनं शिकवलं होतं. दोघांचा पाय-पंप. एक जण बादलीत पंप दाबतो, दुसऱ्याच्या हातात दांडी. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर, वरून खाली एक पट्टा, मग खालून वर दुसरा, आणि दोन पट्टे काठाकाठाला एकमेकांवर चढले पाहिजेत. भिंतीवरून ओघळ आला की मुकादम ओरडायचा. एका म्हातारीनं मला देवघर आणि स्वयंपाकघर सोडून बाकी घर मारू दिलं, आणि आम्ही गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत शेणा-मातीचा गोळा घेऊन सगळं सारवून टाकलं. ‘डाग पडले ना रे बाबा, सण तोंडावर आलाय.’ तिचं काय चुकलं? फवारलेल्या भिंतीला अडीच-तीन महिने हात लावायचा नाही, हे सांगायची जबाबदारी आमची होती. आम्ही सांगितलं होतं ते घाईत, दारातून.

आता तुमच्या बाटलीतल्या औषधाबद्दल. प्रोफेनोफॉस हे ऑर्गेनोफॉस्फेट. किड्याच्या मज्जातंतूंमध्ये एक निरोप पोहोचला की तो पुसून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. हे औषध त्या विकरालाच जखडतं. निरोप पुसला जात नाही, तंतू थांबत नाहीत, किडा थरथरून मरतो. तेच विकर तुमच्या-माझ्यातही आहे. म्हणून विषबाधेची लक्षणं एका साच्यातली असतात: घाम, तोंडाला पाणी सुटणं, मळमळ-उलटी, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, धूसर दिसणं, अंग फडफडणं, छाती भरून येणं. २०१७ चा सप्टेंबर-ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेल, तुमच्याच जिल्ह्यातला. फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळमध्ये वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. शासनानं तेव्हा पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही औषधांची विक्री साठ दिवस बंद केली होती, आणि त्या यादीत तुमच्या बाटलीतलं हे मिश्रणही होतं.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. मी एका शेतात पाहिलेला मजूर अजून डोळ्यांसमोर आहे. दांडी कपाळाच्या वर धरून तो फवारत चालला होता, फवारा त्याच्याच अंगावर परत येत होता. पाठीवरची टाकी झाकणाजवळ गळत होती, शर्ट पाठीला चिकटलेला, वरून ऊन. मी म्हटलं, शर्ट बदल, अंग धू. तो म्हणाला, अजून सहा टाक्या आहेत. मजुरी टाकीवर असली की माणूस धुवायला थांबत नाही. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि दवाखान्यात पहिला प्रश्न आला: औषध कोणतं होतं? कुणालाच सांगता येईना. तीन औषधं आणि एक टॉनिक एकाच टाकीत कालवलं होतं आणि बाटल्या बांधावर पडल्या होत्या. म्हणून सांगतो, माणूस नेताना बाटली किंवा निदान लेबल बरोबर न्या. ऑर्गेनोफॉस्फेटला अॅट्रोपीन आणि पाम ही इंजेक्शनं आहेत. फिप्रोनिलसारख्या काहींना असा ठरावीक उतारा नाही, तिथे डॉक्टर लक्षणांप्रमाणे उपचार करतात. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजत बसू नका, उलटी काढायला जाऊ नका. कपडे काढा, साबणाच्या पाण्यानं अंग धुवा आणि १०८ ला फोन लावा.

एवढं विष उघड्या शेतात, वाऱ्यावर, माणसाला धरतं. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पोरं रांगतात आणि पिठाचा डबा आहे, तिथे ते किती दिवस भिंतीला आणि गोधडीला चिकटून राहील? गोठ्यात मारलं तर जनावर अंग चाटतं. नालीत मारलं तर बेडूक, मासे आणि डासांच्या अळ्या खाणारे पाणकिडे आधी मरतात, आणि नाली वाहती असेल तर पुढे कुणाच्या तरी विहिरीजवळ जाते.

मग डासांचं काय? आधी डास कोणता ते बघा. डेंग्यूचा म्हणजे एडिस, काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. तो तुमच्या नालीत नसतोच. त्याला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं: रांजण, सिमेंटची टाकी, कूलर, फ्रिजमागची ताटली, अंगणातलं टायर, नारळाची करवंटी. नालीत वाढतो तो क्यूलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा, हत्तीरोगवाला. हिवतापाचा अॅनाफिलीस, खेड्यात मुख्यतः त्यातली क्यूलिसिफेसीस ही जात, शेताकडेच्या डबक्यात, कॅनॉलच्या झिरपणीत, नदीच्या पात्रातल्या खळग्यांत. तिघांची घरं वेगळी असताना एकच बाटली घेऊन गावभर फिरायचं, यात काही अर्थ नाही.

धुराच्या मशीनचं सांगतो, कारण ग्रामपंचायतीला लोक त्यावरूनच मत देतात. त्यात एक भाग मॅलॅथिऑन आणि १९ भाग डिझेल असतं. जो ढग दिसतो तो बहुतेक डिझेलचा. त्याच्या थेंबाला जो डास त्या घडीला उडताना भेटेल तो मरेल. पलंगाखाली, खुंटीवरच्या शर्टाआड बसलेला एडिस तसाच राहतो, आणि पाण्यातल्या अळीला तर बाहेर धूर झाला हे कळतही नाही. ती दोन दिवसांनी डास होऊन बाहेर येते. त्यातून मशीन गल्लीत आलं की आपले लोक काय करतात? धडाधड दारं-खिडक्या लावून घेतात. खरं तर अन्न-पाणी झाकून दारं उघडी ठेवायची असतात. साथ पेटली असताना, रुग्णाच्या घराभोवती, धुराचा उपयोग आहे. एरवी ती मिरवणूक आहे.

अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या उन्हाळ-पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पण भांडं नुसतं उपडं करून भागत नाही. एडिस अंडी पाण्याच्या काठाच्या वर, ओलसर भिंतीला चिकटवतो, आणि ती कोरडी राहून महिनोन्‌महिने जगतात. पाणी भरलं की फुटतात. रांजण आतून काथ्यानं घासायचा. जे रिकामं करताच येत नाही त्या टाकीत आरोग्यसेवक अबेट नावाचं अळ्या मारायचं औषध टाकतो. तेही ऑर्गेनोफॉस्फेटच, टेमेफॉस, पण माणसाला त्या घराण्यातल्या सौम्य औषधांपैकी एक, आणि प्रमाण किती? ५० टक्क्यांचं दोन मिलिलिटर, हजार लिटर पाण्याला. तुमच्या बाटलीच्या टोपणात त्याहून जास्त मावतं. हे काम त्यालाच करू द्या. विहिरीत, हौदात गप्पी मासे सोडा, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. नालीत गाळ काढून पाणी वाहतं करा. नाहीच जमलं तर वरून जळकं ऑईल. रात्री मच्छरदाणी. यात तुमच्या औषधाची कुठेच गरज पडत नाही.

आता तुडतुडे. इथे मला जास्त बोलायचं आहे.

तुम्ही कळवलेली फवारण्यांची यादी मी दोनदा वाचली. विसाव्या दिवशी इमिडाक्लोप्रिड, चाळिसाव्या दिवशी अॅसिटामिप्रिड, पंचावन्नाव्या दिवशी थायमेथोक्झाम, आणि मध्ये दुकानदारानं दिलेलं प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रीन. तीन वेगळ्या कंपन्या, तीन वेगळे डबे, पण पहिली तिन्ही औषधं सख्खी भावंडं, निओनिकोटिनॉइड घराण्यातली. आणि बीटी बियाण्याला जो लाल-गुलाबी रंग चढवलेला असतो त्यात बहुतेक वेळा इमिडाक्लोप्रिडच असतं, म्हणजे चौथं भावंड पेरणीच्या दिवशीच शेतात आलेलं. पहिला महिनाभर त्या बीजप्रक्रियेवर पीक निभावतं. त्या काळात विसाव्या दिवशीची तुमची फवारणी फुकट गेली. फुकट गेली असती तर बरं होतं, तिनं तुडतुड्यांची निवड केली.

निवड म्हणजे अशी. हजारो तुडतुड्यांत दोन-चार असे असतातच ज्यांचं शरीर ते विष फोडून टाकतं, किंवा विष जिथे बसायचं ती जागाच त्यांच्यात थोडी बदललेली असते. बाकीचे मरतात, शेत त्या दोन-चारांना मोकळं मिळतं. त्यांची पोरं तशीच. पंधरा-वीस दिवसांत नवी पिढी, हंगामात कित्येक. डबा बदलला पण घराणं तेच, तर त्यांना काही फरक पडत नाही. डोस दुप्पट केलात तर मधल्या फळीतले काही मरतील, एखादा पंधरवडा बरा जाईल. पण क्रायसोपा, ढालकिडे, कोळी हे कीड खाणारे मित्र मात्र सगळे झोपतात. ते पुन्हा वाढायला तुडतुड्यांहून कितीतरी जास्त वेळ घेतात. सायपरमेथ्रीनसारखी पायरेथ्रॉइडं वारंवार मारलेल्या शेतात पांढरी माशी उसळते, याचं एक मोठं कारण हेच.

हे काही आजचं नाही. पायरेथ्रॉइडं १९८० च्या आसपास कपाशीवर आली तेव्हा जादू वाटली होती. १९८७ साली आंध्रात गुंटूर-प्रकाशम भागात अमेरिकन बोंडअळी त्यांना दाद देईना. लोकांनी वीस-वीस फवारण्या केल्या, कर्जात बुडाले, आणि आत्महत्या झाल्या. पुढे १९९० च्या दशकात देशाच्या जेमतेम पाच टक्के जमिनीवरची कपाशी देशातली निम्मी कीटकनाशकं पीत होती.

डासांकडे हाच खेळ आधी होऊन गेला होता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरात डीडीटी, आणि १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. मग १९७६ साली आकडा पुन्हा ६४ लाखांच्या वर. कारणं अनेक होती: पैसा, ढिलाई, वेळेवर न पोहोचलेलं डीडीटी. पण क्यूलिसिफेसीस डास डीडीटीला निर्ढावला होता हेही खरं, आणि पुढे गुजरात-महाराष्ट्रात तो मॅलॅथिऑनलाही निर्ढावला.

आणि तुमचे दोन प्रश्न जिथे एकत्र येतात ती जागा ही. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोरच्या बाजूला, १९७० च्या दशकात असं दिसलं की जिथे कपाशीवर विमानानं बेसुमार फवारणी होते तिथला हिवतापाचा डास एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नाही, आणि फवारणीच्या हंगामात ती प्रतिकारशक्ती आणखी चढते. पश्चिम आफ्रिकेतल्या कपाशीच्या पट्ट्यातही पुढे असंच आढळलं. कारण साधं आहे. बांधाच्या कडेला पाण्याचं डबकं असतं, त्यात अॅनाफिलीसच्या अळ्या असतात. तुम्ही पंप त्याच डबक्यावर भरता, टाकी तिथेच विसळता. फार थोड्या विषात ती अळी वाढते आणि जगलेली डास होऊन गावात येते. मच्छरदाणीला जे औषध लावलेलं असतं ते पायरेथ्रॉइड, तुमच्या सायपरमेथ्रीनचंच भावंड. म्हणून पंप डबक्याजवळ धुऊ नका, ही माझी सूचना मासे-बेडकांच्या कळवळ्यानं केलेली आहे असं समजू नका.

तर करायचं काय? आधी मोजा. शेतात तिरपं चालत वीस झाडं, प्रत्येकाची वरची-मधली-खालची अशी तीन पानं उलटी करून. पानामागे दोन-तीन तुडतुडे भरले आणि पानांच्या कडा वळून पिवळ्या पडायला लागल्या, तरच पंप उचला. युरिया जरा कमी करा. हिरवंगार लुसलुशीत पान हे तुडतुड्यांना आवतण आहे. पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून गाळून १०० लिटर पाणी करायचं. कंटाळवाणं काम आहे, मला मान्य. पण मित्रकिडी वाचतात. नंतर गरज पडली तर फ्लोनिकॅमिड ५० टक्के, १० लिटरला तीन ग्रॅम. ते वेगळ्या घराण्यातलं आहे. पुढच्या वेळी तेही नको, बुप्रोफेझिनसारखं तिसऱ्या घराण्यातलं घ्या. दुकानात कंपनीचं नाव सांगू नका, बारीक अक्षरातलं तांत्रिक नाव सांगा, आणि मागचं काय मारलं ते वहीत लिहून खिशात ठेवा.

एक चूक तुमच्या पत्रात मला ओळींमध्ये दिसली. ‘पॉवर पंपाला तिप्पट’ हे तुम्ही कुठेतरी वाचलंय आणि बॅटरीच्या पंपात तिप्पट टाकलंय. तो नियम पेट्रोलवर चालणाऱ्या, हवेनं फवारा उडवणाऱ्या पंपाचा. हातपंपाला एकरी २०० लिटर पाणी लागतं, पेट्रोल पंप त्याच्या तिसऱ्या हिश्शात एकर संपवतो, म्हणून पाणी कमी आणि १० लिटरमागे औषध तिप्पट; एकरी विष तेवढंच. बॅटरीचा पंप हा बॅटरी लावलेला हातपंपच. त्याला साधाच डोस. आणि डोस १० लिटरचा लिहिलेला असतो, तुमची टाकी १६ लिटरची आहे; टोपणानं अंदाज करू नका, मापाचं भांडं काही महाग नसतं.

बोगसचं विचारलंत. बोगस औषध असतं, नाही कशाला म्हणू. विशेषतः ज्या बाटलीवर ‘जैविक’, ‘हर्बल’ लिहिलंय, घटक कोणते ते लिहिलेलं नाही आणि मारल्यावर मात्र तासाभरात कीड खाली पडते, तिच्यात काहीतरी न सांगितलेलं रसायन आहे असं धरून चाला. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर बिलावर आहे का बघा, शंका आली तर सीलबंद बाटली घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा, नमुना तपासायची सोय आहे. पण तुमच्या बाबतीत मला औषध खरंच होतं असं वाटतं.

आता त्या अर्ध्या बाटलीचं. ती स्वयंपाकघराच्या माळ्यावरून आजच काढा. त्याच बाटलीत राहू द्या. थम्सअपच्या किंवा दारूच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध मी एका घरात पाणी समजून प्यालेलं पाहिलंय. कुलपाच्या पेटीत, शेतातल्या खोपडीत ठेवा. मुदत लेबलवर बघा. मुदतीत असेल तर डिसेंबरात गुलाबी बोंडअळीच्या वेळी, कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर, एकदाच वापरा, आणि सकाळी दहाच्या आत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाठीवर टाकीखाली प्लॅस्टिकचा कागद, हातमोजे, चष्मा, पायात बूट. पूर्ण किट उन्हात कुणी घालत नाही हे मला ठाऊक आहे, पण एवढं जमतं. वारा आडवा घ्या आणि फवारलेल्या ओळीतून पुढे चालत जाऊ नका, मागे सरकत या. बाटली संपली की तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग खिळ्यानं बुडाला भोकं पाडा, म्हणजे घरात कुणी तिच्यात रॉकेल भरणार नाही. आणि रांजण कधी घासला ते कळवा.